वाऱ्याची वरची बाजू

"मॅडम, वर म्हंजी जिन्यानं का?"

आवाज जाड, थोडा घोगरा. विचारणं अदबीचं, वर्गात मागच्या बाकावरून हात वर करणाऱ्याचं. मागं पंखा घरघरत होता आणि कुणीतरी क्रेट आपटला होता. सगळं मिळून चार सेकंद. शर्वरी गोवर्धनेच्या कानात ते चार सेकंद आठ वर्षं मुक्कामाला होते. कधी गप्प बसत, कधी भाजी निवडताना उठून बोलत.

विचारणाऱ्याचं नाव निवृत्ती शेजवळ. कादवा नदीच्या काठावरच्या 'हिमवेल' पॅकहाउसमध्ये तो थंडीच्या यंत्रांवर होता. द्राक्षं वेलीवरून उतरली की काही तासांत गार करावी लागतात. त्यासाठी अमोनिया वायू नळ्यांतून फिरवतात. तो एकदा सुटला की डोळे, नाक, छाती काही सोडत नाही. म्हणून दर हंगामाआधी सगळ्या कामगारांना सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण असे, आणि ते रचण्याचं काम शर्वरीचं होतं. त्या वर्षी तिनं चौऱ्याण्णव स्लाइड केल्या होत्या. वेळ पन्नास मिनिटं, ऐकणारी माणसं एकशेचाळीस. एकसष्टाव्या स्लाइडवर तिनं वाचलं, "गळती झाल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूला जावे." वाक्य परदेशी पुस्तिकेतून उचललेलं आणि शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलेलं. वारा जिकडून येतो तिकडं जा, असं त्या पुस्तिकेला म्हणायचं होतं.

त्यावर तो आवाज आला. शर्वरीनं घड्याळाकडं पाहिलं. तेहतीस स्लाइड उरल्या होत्या.

"प्रश्न शेवटी घेऊ," ती म्हणाली, आणि सगळ्यांचा आवाज बंद करण्याचं बटण दाबलं.

शेवट आला तेव्हा वेळ संपली होती. मागून वीस प्रश्नांची चाचणी झाली. 'गळती झाल्यास कुठे जाल?' या प्रश्नाला निवृत्तीनं 'वरच्या बाजूला' या उत्तरावर खूण केली. उत्तर बरोबर होतं, त्याला गुण मिळाला.

तेविसाव्या दिवशी दुपारी नळीचा जोड सुटला. बाकीचे मिळेल त्या दारानं बाहेर पळाले. निवृत्ती यंत्रांच्या खोलीतला लोखंडी जिना चढून माळ्यावर गेला. अमोनिया हवेपेक्षा हलका. बंद इमारतीत तो वर चढतो आणि छताखाली साचतो.

चौकशी झाली. 'प्रशिक्षण पूर्ण केलेले होते, चाचणीत अठरा गुण होते, ऐनवेळी गोंधळून कामगार चुकीच्या दिशेला गेला' असा निकाल लागला. रेकॉर्डिंग वर्षभरानं नियमाप्रमाणं पुसलं गेलं. बाकी कुणाच्या ध्यानात तो प्रश्न राहिला नव्हता; तेव्हापासून तो जगात एकाच ठिकाणी उरला.

शर्वरीनं पुढच्या वर्षी वाक्य बदललं. 'वाऱ्याच्या प्रवाहाच्या विरुद्ध अथवा लंब दिशेने मार्गक्रमण करावे.' त्याच्या आजूबाजूला वाऱ्याच्या वेगाचं कोष्टक आलं, दिशांचं चक्र आलं, कलमं आली. चौऱ्याण्णवाच्या एकशेएकतीस झाल्या. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. वर माती लोटत जावी तशी ती त्या एका शब्दावर माहिती लोटत गेली.

सन दोन हजार एकेचाळीसच्या माघात पॅकहाउसमध्ये 'ओंजळ' आली.

दिसायला ती साधी पट्टी होती. कपाळावर बांधायची, आणि तिला जोडलेली काच नसलेली चष्म्याची चौकट नाकावर ठेवायची. प्रशिक्षण विभागाचे प्रमुख कुलथे सर ती नव्या सुनेसारखी सगळ्यांना दाखवत फिरले.

"हे बघ शर्वरी," ते म्हणाले, "माणूस नवीन गोष्टी एका वेळी तीन-चारच धरू शकतो. पाचवी दिली की पहिली निसटते. हे आपल्याला माहीत होतं, पण दिसत नव्हतं. आता दिसतं."

दिसायचं ते असं. पट्टीतून कपाळाच्या हाडापलीकडं मंद तांबडा उजेड जाई आणि तिथल्या रक्तात प्राणवायू किती खर्च होतोय ते सांगे. चौकटीतला बारका कॅमेरा डोळ्याच्या बाहुलीवर नजर ठेवी. मनात एकेक गोष्ट भरत जाते तशी बाहुली मोठी होत जाते. भरण्याच्या पलीकडं गेलं की ती अचानक बारीक होते. मनानं हात टेकलेले असतात. डोळा उघडा असतो, मान डोलत असते, पण आत काही जात नसतं. यंत्रावर हिरवी रेघ चढत जाई आणि त्या क्षणाला धाडकन खाली येई. शेजारी अक्षरं उमटत: 'सांडली.'

ज्या ओळीवर बहुतेकांची सांडते ती ओळ ओंजळ स्वतःच कापून टाकी. सुरक्षेच्या ओळींना मात्र एक नियम होता. मंजूर झालेली ओळ कापायला कारण लागत नसे, पण तिच्या जागी नवी ओळ घालायची तर जुनीत चूक काय होती ते बारा शब्दांत लिहावं लागे. 'सोपं केलं' हे कारण चालत नसे. आणि लिहिलेलं कारण कंपनीच्या अकराही पॅकहाउसना आणि जुन्या चौकश्यांच्या नोंदींना आपोआप जाऊन चिकटे.

दुपारच्या जेवणानंतर बारा बायका ओळीनं बसल्या. कात्र्या पाटीत ठेवलेल्या, बोटांना द्राक्षाचा चिकटा. कपाळाला पट्टी बांधताना हसाहशी झाली.

"मथुरे, तुझी रेघ सपाट येईल बघ. आत हायेच काय!"

"तुझी तर पट्टी बांधायच्या आधीच सांडली," मथुरा म्हणाली. "सकाळपास्नं तोंडातनं सांडतीच हाये."

बाराव्या होत्या लंकाबाई शेजवळ. निवृत्तीच्या मागं कंपनीनं त्यांना घड साफ करायच्या टेबलावर घेतलं होतं. पन्नाशीची बाई, उंच, बोलणं बेताचं. दर हंगामात शर्वरी आली की त्या कुरडयांची पिशवी किंवा घडातून गळालेले गोड मणी पदराखालून आणून देत. "ताई, तुमी आमच्या ह्यांना शिकवलं व्हतं," असं एकदा म्हणाल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. गाव मात्र घेई. कुणी वाट चुकला की गावात म्हणत, 'काय रे, निवृत्ती झाला का?' लेकीला बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन, बाप ऐनवेळी भांबावला होता म्हणतात, असं हळूच विचारून उठून गेले होते. दोनदा.

कुरडया शर्वरी घरी नेई. तळत नसे. डब्यात पडून राहत.

स्लाइडा सुरू झाल्या. पहिल्या तीन बऱ्या गेल्या. सातवीला चौघींची सांडली. वाऱ्याच्या वेगाच्या कोष्टकाला सगळ्या रेघा पत्त्यांसारख्या कोसळल्या. शर्वरी पडद्याकडं बघत होती. आठ वर्षांची मेहनत एकेक करून गळत होती आणि तिला, नवल म्हणजे, हलकं वाटत होतं.

मग ती ओळ आली. 'वाऱ्याच्या प्रवाहाच्या विरुद्ध अथवा लंब दिशेने...'

अकरा रेघा पडल्या. बारावी चढली, काठापर्यंत आली आणि तिथंच राहिली. ओळ गेली, पुढची आली, तिच्या पुढची आली. रेघ हलेना. यंत्रानं लिहिलं: 'भार उतरत नाही. संच तपासा.'

"लंकाबाई, पट्टी सैल झालीय का?" कुलथ्यांनी विचारलं.

"न्हाई, सर. घट्ट हाये."

यंत्राला वाटलं पट्टीत बिघाड आहे. शर्वरीनं लंकाबाईंच्या डोळ्यांकडं पाहिलं. त्यात पाणी नव्हतं. काळी बाहुली मात्र एवढी मोठी झाली होती की भोवतीचा तपकिरी रंग नावाला उरला होता.

संध्याकाळी आवरताना खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा शर्वरीनं पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधली. नव्या ओळीवर तिची रेघ सरळ गेली. ती ओळ तिनंच लिहिली होती. मग तिनं जुनी, खोडलेली ओळ टाइप केली: गळती झाल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूला जावे. रेघ काठाला जाऊन थांबली.

'भार उतरत नाही. संच तपासा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशेएकतीसच्या नऊ स्लाइड झालेल्या होत्या. कुलथे खूश होते.

"वाऱ्याची ओळ गेली," शर्वरी म्हणाली.

"बारातल्या अकरा जणींची सांडते. ठेवून काय लोणचं घालायचंय? त्या जागी आहेच की, 'फाटकाकडे पळा.' तीन वर्षांची पोरगी लक्षात ठेवेल."

"फाटक पूर्वेला आहे, सर. यंत्रांची खोली पश्चिमेला. दुपारनंतर वारं पश्चिमेकडनं येतं. वास आणि माणसं एकाच वाटेनं निघतील."

"तो अपवाद झाला."

"रोज दुपारी येतो तो अपवाद."

कुलथ्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही अकरा पॅकहाउसची उत्तरं द्यायची होती. "बरं. मग काहीतरी दे, जे मावेल. सोमवारी सगळीकडं सुरू होतंय. आणि नवी ओळ घालणार असशील तर बारा शब्द तुला लिहावे लागतील. जुनीत चूक होती का काही?"

शर्वरी म्हणाली, "बघते."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बायकांच्यात जाऊन बसली. बाहेर, शेडच्या सावलीला. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी फडफडत होती. बायका तिला वाऱ्याचा पायजमा म्हणत.

"तो पायजमा कशाला टांगलाय, ठाऊक आहे का?" तिनं विचारलं.

"सायबाचा वाळत घातलाय," मथुरा म्हणाली, आणि हशा पिकला.

"वारा कुठून येतोय हे त्यावरनं कळतं. गॅस सुटला तर वाऱ्याच्या..." शर्वरी थांबली. तिला शब्दच सापडेना. विरुद्ध म्हणावं, लंब म्हणावं, की काय म्हणावं. आठ वर्षं ती हे शिकवत होती आणि समोर भाकरी खात बसलेल्या बाईला सांगायला तिच्याकडं एक वाक्य नव्हतं.

लंकाबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"उफणताना कसं करतो आपण?" त्या म्हणाल्या. बोलल्या त्या शर्वरीशी नाही, सगळ्यांशीच. "आता मशिनी आल्या, पण माझ्या आईसंगं मी खळ्यात तिवड्याच्या तिपाईवर उभी राह्यलेली हाये. सूप वर धरलं की दाणं पायाशी पडत्यात आन् भुसा वाऱ्यासंगं जातो. आई वरडायची, भुश्याच्या अंगाला थांबू नको गं, डोळं जातील. वारं गालावर घे. गालावर घेतलं की भुसा आपला आपला जातो, आपुन आपलं बाजूला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ह्यो तुमचा गॅस म्हंजी भुसाच की. दिसत न्हाई एवढंच."

भुश्याच्या अंगाला थांबू नको. वारं गालावर घे. लंब दिशा ती हीच. गालावर वारं घेऊन चालणारा माणूस वासाच्या पट्ट्यातून आडवा बाहेर पडतो, गळती कुठंही असो.

"लंकाबाई, हे परत सांगा," शर्वरी म्हणाली.

"परत कशाला? वव्या करू की त्याच्या," मथुरा म्हणाली. "टेबलावर बसून दिवसभर तेच तर करतो."

तिसऱ्या प्रहरापर्यंत घड साफ होत होते आणि ओव्या होत होत्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं मोडायची. 'जिना चढू नको' हे लंकाबाईंनीच घातलं. खाली बघत, कात्री न थांबवता.

*झोंबला गं नाका वास, पदर भिजव पाण्यात
जिना नको चढू बाई, वास बसतो माळ्यात*

*भुसा उडे ज्या अंगाला, नको पाऊल त्या वाटं
वारं गालावर घे गं, जमू तळ्याच्या गं काठं*

तळं म्हणजे उत्तरेचं शेततळं. माघातलं वारं तिथं नेहमीच आडवं.

"आन् बाप्यांनी पदर कुठनं आणायचा?" यंत्रावरच्या एकानं दारातून विचारलं.

"टोपी भिजवा," मथुरा म्हणाली. "डोकं नसलं तरी टोपी असती तुमच्याकडं."

शर्वरीनं बारा जणींना पुन्हा पट्ट्या बांधल्या. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या ओव्या वाजल्या. हिरव्या रेघा चढल्या त्या पाव उंचीपर्यंत, आणि तिथं आरामात राहिल्या. ओंजळीच्या माहितीपुस्तकात कारण होतं. मन एका वेळी तीन-चार गाठोडी उचलतं, पण गाठोड्यात किती बांधलंय हे ते मोजत नाही. सूर आणि यमक ही बांधायची दोरी. चार सूचना एका ओवीत आल्या की त्या एकच होतात. हे सांगायला यंत्राची गरज होती का, असं शर्वरीच्या मनात आलं. पण यंत्र नसतं तर ती आज या सावलीत येऊन बसली नसती, हेही खरं होतं.

लंकाबाईंची रेघसुद्धा पाव उंचीवर होती. 'जिना' शब्दाला ती एकदा थरथरली, आणि सावरली.

खोलीत कुलथे वाट बघत होते. त्यांनी रेघा पाहिल्या, ओव्या दोनदा ऐकल्या, दुसऱ्यांदा बोटानं टेबलावर ठेका धरला आणि तो धरलाय हे लक्षात येताच हात मागं घेतला.

"मावतंय," ते म्हणाले. "पण आता ती चौकट भर. मंजूर ओळीत चूक काय होती?"

पडद्यावर रिकामी चौकट होती. वर लिहिलेलं: 'कारण. बारा शब्द.'

"सध्याची नको," शर्वरी म्हणाली. "तिच्या आधीची. आठ वर्षांपूर्वीची. ही त्याच ओळीची दुरुस्ती आहे, मूळ चूक तिथली."

"ती कुठली?"

"वाऱ्याच्या वरच्या बाजूला जावे."

कुलथ्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. वरच्या. त्यांची नजर खिडकीतून यंत्रांच्या खोलीकडं गेली, तिथल्या लोखंडी जिन्याकडं.

"शर्वरी," ते हळू म्हणाले, "हे जुन्या चौकशीला जाऊन चिकटेल. ती परत उघडेल. तुझी नोकरी... ओळ न घालताही सोमवार निघेल. फाटकाकडे पळा, झालं. तुला कुणी काही विचारलेलं नाही."

"विचारलं होतं," शर्वरी म्हणाली.

कुलथ्यांना ते कळलं नाही. ती टाइप करत होती.

'निवृत्ती शेजवळ चुकले नव्हते. सूचना चुकली होती. ती सूचना मी लिहिली होती.'

यंत्रानं मोजले. बारा. स्वीकारले.

ती बाहेर आली तेव्हा टेबलाशी काम चालू होतं. उन्हं कलली होती, वारं पश्चिमेचं झालं होतं, पायजमा फाटकाच्या दिशेनं फुगला होता. लंकाबाई एक घड देठाला धरून उजेडात फिरवत होत्या. कपाळावर पट्टीचा वळ अजून होता.

"बसा ताई. मणी काढून ठेवलेत तुमच्यासाठी."

शर्वरी बसली नाही.

"लंकाबाई, मी आत आत्ता लिहून आलेय. ती जी ओळ होती, गॅस सुटला की कुठं जायचं ती, त्यांच्या वेळची, ती चुकीची होती. त्यात 'वरच्या बाजूला' असं होतं. ते चुकले नाहीत. सांगितलं तसंच त्यांनी केलं. ओळ माझी होती. आता हे कागदावर आलंय, सगळीकडं जाईल."

कात्र्या थांबल्या. मथुरेनं तोंडाला हात लावला. लंकाबाईंनी घड सावकाश क्रेटमध्ये ठेवला, एक मणी सुटला होता तो उचलून परत ठेवला.

"म्हंजी भांबावले न्हवते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी म्हणतच व्हते. बावडीत उतरून मोटार काढणारा माणूस. त्यो भांबावंल व्हय." त्यांचा आवाज सरळ होता. मग त्यांनी वर पाहिलं, आणि शर्वरीला दिसलं की बाहुली पुन्हा मोठी होत चाललीय. "पण ताई, एक सांगा. मला आठ वरीस एकच वाटतंय. ते असे न्हवते, न कळता मान डोलवणारे. बी आणलं तरी दुकानदाराला धा प्रश्न. एवढी मरणाची गोष्ट, आन् त्यांनी वर म्हंजी कुठं एवढंसुद्धा इचारलं नसंल का ओ?"

बारा शब्दांत मावलं ते कागदावर गेलं होतं. उरलेलं नसतं सांगितलं तरी आता चाललं असतं. बाईचं समाधान झालं होतं, नाव धुतलं गेलं होतं, रेकॉर्डिंग कधीच पुसलं होतं. शर्वरीला वारं गालावर लागत होतं. तिनं तोंड वळवलं, आणि ते समोरून घेतलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "'मॅडम, वर म्हंजी जिन्यानं का?' अस्सं विचारलं होतं. मला ऐकू आलं होतं, लंकाबाई. माझ्या स्लाइडा उरल्या होत्या, म्हणून मी त्यांचा आवाज बंद केला."